दारातली खुशी

मुलगा झाला की मोठ्या मावशी बाहेर जायच्या. मुलगी झाली की मला पाठवायच्या. हा नियम कुणी तोंडाने सांगितला नव्हता, पण ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या प्रसूतिगृहात मी आया म्हणून लागले आणि पहिल्या आठवड्यातच तो मला कळला. आतून रडणं ऐकू आलं, डॉक्टरीणबाईंनी काय झालं ते सांगितलं, की मोठ्या मावशी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या आया, एकतर स्वतः बाळाला दुपट्यात गुंडाळायला घ्यायच्या, नाहीतर मला म्हणायच्या, "जा गं, तू दाखवून ये." मला म्हणाल्या की समजायचं, मुलगी.

बाहेर बाकड्यावर माणसं ताटकळत बसलेली असायची. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे दवाखान्याचं बिल मुलीच्या वडिलांनी भरायचं. पण बाळ दारात आणलं की आयाला खुशी द्यायची ती सासरच्यांनी, अशी रीत होती. दुपट्याचं टोक बाळाच्या तोंडावर ओढलेलं असायचं आणि खुशी हातात पडेपर्यंत ते उचलायचं नाही. ज्या हाताने बाळ आणलं त्याच हाताची खुशी, त्यात दुसरीची वाटणी नाही. मुलगा असला की माणसं हसत हसत खिशात हात घालायची, नोट निघायची, वर पेढ्यांचा पुडा. मुलगी असली की बाकडं एकदम गार. सासू पदर सावरायची, सासरा घड्याळ बघायचा, आणि बाळाचा बाप माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच आत अदलाबदल करून आले. मग कुणीतरी चिल्लर काढायचं आणि म्हणायचं, "पुढच्या वेळी देऊ हां मावशी, मुलगा झाला की."

पुढच्या वेळी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई आत अजून टेबलावर पडलेली, तिला टाके घालायचे बाकी, आणि बाहेर यांची पुढच्या वेळेची बोलणी. पण तोंड उघडायची सोय नव्हती. चिल्लर घ्यायची, टोक उचलायचं आणि हसायचं. हसलं नाही तर तेवढीही मिळत नाही हे मी लवकर शिकले.

मी या धंद्यातली नव्हतेच खरं तर. आमचं घर खाडीकडचं. आजोबा खाडीत जाळी टाकायचे आणि आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायला बसायची. आईचा भाव ठरलेला असे. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की ती चार शब्द सुनवायची, पण सौदा झाला की वर मूठभर कोलंबी टाकायची, न मागता. म्हणजे आमच्याकडे वरचं द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. कारखान्यांच्या पाण्याने खाडीतली मासळी गेली तेव्हा आई दुसरीकडून माल आणून विकू लागली, आणि मला त्यात यायचं नाही असं तिनेच बजावलं. माझं लग्न कंपनीतल्या माणसाशी लावून दिलं. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा त्या कंपनीला टाळं लागलं. दोन मुली पदरात. नवरा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला जायचा आणि दुपारी त्याच शर्टात परत यायचा. तेव्हा मी नौपाड्यात त्या दवाखान्याची पायरी चढले.

डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पगार थोडाच आहे हं. पण वरचं चांगलं सुटतं, त्यामुळे काही कमी पडायचं नाही तुला." त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. बाई मनाने वाईट नव्हत्या. अडलेली बाई आली तर आधी ॲडमिट करायच्या, पैशांचं नंतर बघायच्या. कुणाकुणाची बिलं त्यांनी सोडूनही दिलेली मी पाहिली आहेत. म्हणूनच माझा गोंधळ व्हायचा. परक्या बाईचं बिल सोडणाऱ्या बाईला आम्हा तिघी आयांचा पगार पुरता देणं का सुचत नव्हतं?

आईला मी या खुशीबद्दल सांगितलं तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. "आपुन भाव सांगताव," ती म्हणाली, "भीक नाय मांगत." मी म्हटलं, आई, ही भीक नाही, रीत आहे. ती म्हणाली, "मंग तोंड का पाडलंस?" मी उगाचच तिच्यावर चिडले. नवऱ्याचं उलटं. तो म्हणायचा, मागून घे ना, तुझं काय जातं? माझं काय जात होतं ते मला धड सांगता येत नव्हतं, पण काहीतरी जात होतं. घरी आले तरी एका जागी बसवायचं नाही. भांडी घासून झाली की पुन्हा घासायला घ्यायची.

सगळ्यात वाईट हे होतं की माझं मनच बिघडत चाललं होतं. कुणाला कळा सुरू झाल्या की मी मनात म्हणायचे, मुलगा होऊ दे, आणि तेव्हा मोठ्या मावशी चहाला गेलेल्या असू देत. घरी माझ्या दोन मुली अभ्यासाला बसलेल्या, आणि त्यांच्या वह्या यायच्या कशातून, तर लोकांच्या घरी मुलगी न होण्यातून. हा विचार आला की हातातली बादली आपटावीशी वाटायची. बाईंनी पगार नीट दिला असता तर कुणाला काय झालं याच्याशी मला देणंघेणं काय होतं? मी बाळ पुसलं असतं, आईजवळ दिलं असतं, आणि मोकळी झाले असते.

मी मोठ्या मावशींना म्हटलं, आपण तिघी मिळून पगाराचं बोलू या. तिघी म्हणजे मी, मावशी आणि कल्याणहून येणारी आमची तिसरी जोडीदारीण, तिला आम्ही कल्याणवालीच म्हणायचो. मोठ्या मावशी संगमेश्वराकडच्या, राहायला दिव्याला. तिथे पाण्याची बोंब, म्हणून पहाटे हंडे भरून मग कामाला यायच्या. दवाखाना दोन खोल्यांचा होता तेव्हापासून त्या बाईंकडे होत्या. त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला झटकूनच टाकलं. "बाईंना कशाला त्रास देतेस? देवमाणूस आहे ती. मागायचं तर लोकांकडे मागावं, घरच्यांकडे नाही." बाई घरच्या कधी झाल्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग तो डोंबिवलीचा माणूस आला. त्याच्या बायकोचं माहेर ठाण्याचं, म्हणून ती आमच्याकडे नाव घालून होती. मुलगी झाली. अर्थात मला पाठवलं. मी दारात उभी राहिले, दुपट्याचं टोक धरून म्हटलं, "खुशी द्या साहेब." तो माणूस खुश होता, खरोखर खुश होता, मुलगी म्हणून तोंड वाकडं केलं नाही त्याने. पण हात खिशात गेला नाही. तो म्हणाला, "मी देणार नाही. पैशाचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. तुम्हाला इथे पगार मिळतो ना?"

"मिळतो," मी म्हटलं.

"मग माझी मुलगी मला दाखवायचे पैसे कसले?"

मी टोक उचललं. दुसरं काय करणार? तो पोरीकडे बघून रडला, आणि मलाही भरून आलं, कारण असा बाप मी त्या दारात पहिल्यांदा बघत होते. पण तसाच तो बाईंच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला की तुमच्याकडे आया बाळ अडवून धरतात. बाईंना फार लागलं ते. दोन दिवसांत दाराशेजारी निळी पाटी लागली, पांढऱ्या अक्षरांत: सेवकांना बक्षीस देऊ नये, सेवकांनी मागू नये.

तो माणूस खरं बोलत होता, हेच मला डाचत राहिलं. त्याने जे विचारलं तेच मी रात्रंदिवस स्वतःला विचारत होते. फक्त पगार मिळतो का एवढंच त्याने विचारलं, किती मिळतो ते विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर मी त्याच्या तत्त्वाच्या पाया पडले असते. बाईंनीही अर्धंच केलं. खुशी बंद केली आणि पगार होता तिथेच ठेवला.

पाटीचा फायदा कुणाला झाला? मुलगी झालेल्या सासरच्यांना. आता त्यांना चिल्लरही काढायला नको, पाटीकडे बोट दाखवलं की झालं. मुलगा झालेले जिन्यात गाठून गुपचूप काहीतरी द्यायचे, ते मोठ्या मावशींना मिळायचं. माझ्या आणि कल्याणवालीच्या तोंडाला पानं पुसली गेली. माझ्या थोरलीची शाळेची सहल शीळफाट्याच्या पुढे कुठेतरी जाणार होती, ती गेली नाही. तिने हट्ट केला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आम्ही दोघींनी पुन्हा मावशींना धरलं. या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ, मी एकटी बोलते." केबिनमध्ये गेल्या, बराच वेळ आत होत्या, बाहेर आल्या त्या शांत होऊन. "दिवाळीनंतर बघते बोलल्या." दिवाळीला बाईंनी आम्हाला एकेक साडी आणि फराळाचा डबा दिला. साडी चांगली होती. दिवाळीनंतर काही झालं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंची सून आमच्याकडेच बाळंत झाली. बाहेर बाकड्यावर त्या दिवशी बाईंचे व्याही, विहीणबाई, बाईंचा मुलगा, सगळा गोतावळा. मुलगी झाली. मोठ्या मावशींनी सवयीने माझ्याकडे बघितलं आणि मी सवयीने बाळ उचललं. दारात गेले. बाई स्वतः हातमोजे काढत माझ्या मागून आल्या होत्या. क्षणभर बाकड्यावर तोच नेहमीचा गारवा पसरला. विहीणबाई म्हणाल्या, "असू दे, असू दे, पहिली बेटी." तशा बाई पुढे झाल्या. "असू दे कशाला? मला नात झाली!" असं मोठ्याने म्हणत त्यांनी पर्समधून कोरी नोट काढली आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरली. "घे. मुलगी झाली म्हणून काय खुशी कमी द्यायची?"

मला बाईंचा अभिमान वाटला, अगदी मनापासून. इतक्या मुली मी त्या दारात आणल्या, एकीसाठीही कुणी अशी नोट काढली नव्हती. आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यामागे ती निळी पाटी दिसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, पाटी आहे ना. पगारात द्या."

व्याही हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली. बाई हसल्या नाहीत. नोट तशीच हवेत राहिली, तेवढ्यात मागून मोठ्या मावशी आल्या आणि "द्या बाई, तिला काय कळतंय" म्हणत ती घेऊन टाकली. नंतर कपडे धुवायच्या जागेत मला असं झापलं की विचारू नका. "एवढा माज कशाला? बाईंचा सगळ्यांसमोर अपमान केलास. उद्या काढून टाकलं तर जाशील कुठे?" नोट त्यांनी तिघींत वाटली, माझा वाटा माझ्या मुठीत कोंबला. मी घेतला. घरात पीठ संपत आलेलं होतं, आणि मला रागापेक्षा आता भीती वाटत होती.

आठवड्याभराने बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी मनात हिशेब मिटवूनच गेले. पण बाईंनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू बोललीस ते मी विचारात घेतलंय. तुझ्या पाकिटात पुढच्या महिन्यापासून थोडे जास्त घालीन. पण इतर दोघींना सांगू नकोस हं. त्यांचं काम काही तुझ्यासारखं नाही." आमचा पगार बंद पाकिटात असायचा, प्रत्येकीचं पाकीट वेगळं, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

मी तरंगतच बाहेर आले. माझं काम वेगळं आहे! इतकी वर्षं झाली, हे मला कुणी म्हटलं नव्हतं. घरी जाताना पोरींना बर्फाचे गोळे घेतले, नवऱ्याला सांगितलं, तोही पहिल्यांदा हसला.

दोन दिवस टिकलं ते सुख. मग मात्र माझं काही खरं राहिलं नाही. दुपारी आम्ही तिघी कपडे वाळवायच्या गच्चीवर डबे सोडून बसायचो. मोठ्या मावशी माझ्या डब्यात सुकटीची चटणी वाढायच्या आणि मी त्यांच्याकडे न बघता जेवायचे. पहाटे हंडे भरून येणारी ही बाई, हिचं काम माझ्यासारखं नाही? अडलेलं बाळंतपण असलं की बाई हाक कुणाला मारतात? आणि मी काय केलं होतं, तर तोंड उघडलं होतं. ते तोंड बंद करायचे हे पैसे होते. दारातल्या लोकांची खुशी निदान चार माणसांसमोर तरी यायची. ही तर दार लावून दिलेली. मी मान हलवून ती घेतली होती आणि वर हसलेही होते. पगार वाढला असं मला वाटलेलं. वाढला कुठे होता? बाईंची मर्जी असेल तोवर मिळणार, मर्जी फिरली की गेला, आणि कुणाकडे दाद मागायची, तर मागता येणार नाही, कारण मिळत होता हेच कुणाला माहीत नाही.

पहिलं जास्तीचं पाकीट मिळालं त्या दुपारी मला राहवलं नाही. सांगितलं तर ते पैसे जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोरींची तोंडंही दिसत होती. तरी मी बोलून टाकलं. "मावशी, बाईंनी माझा पगार वाढवलाय. एकटीचा. तुम्हाला सांगू नको बोलल्यात."

मला वाटलं होतं मावशी भडकतील. त्यांचा घास हातातच.

"तुला पण?" त्या म्हणाल्या.

कल्याणवालीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुला पण म्हणजे काय मावशी? तुम्हाला कुठे..." आणि ती थांबली. मग तिनेच सांगितलं, तिची आई आजारी होती त्या वर्षी बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. पाकिटात थोडे जास्त. इतरांना सांगू नकोस, त्यांचं काम तुझ्यासारखं नाही. तेच शब्द, एक इकडचा तिकडे नाही. मावशींना तर त्याच्याही आधीपासून मिळत होते. पाटी लागल्यावर त्या एकट्या बोलायला गेलेल्या, तेव्हा आणखी थोडे वाढले होते. म्हणून शांत होऊन बाहेर आल्या होत्या.

इतकी वर्षं आम्ही तिघी एका सतरंजीवर बसून जेवत होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच बाईंच्या खास. जी ती उरलेल्या दोघींची मनातून थोडी कीव करत होती. कल्याणवाली हसायला लागली, मीही हसले, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. मोठ्या मावशी हसल्या नाहीत. त्यांना पैशाचं काही वाटलं नसावं. "मला बोललेल्या," त्या म्हणाल्या, "तू मला बहिणीसारखी." आणि डबा न संपवताच उठल्या, मोरीत गेल्या, बराच वेळ डबा घासत राहिल्या. मला त्या वेळी आपण बोललो याचा पश्चात्ताप झाला. वाटलं, एका म्हाताऱ्या बाईचं एवढं एकच सुख होतं, तेही आपण काढून घेतलं.

त्या हात पुसत परत आल्या आणि म्हणाल्या, "चला."

केबिनमध्ये आम्ही तिघी एकदम कधी गेलोच नव्हतो. बाईंनी मान वर केली आणि एका नजरेत त्यांना सगळं कळलं. आधी त्या माझ्याकडे वळल्या. "तुला सांगितलं होतं ना मी?"

"तिचं राहू द्या बाई," मोठ्या मावशी म्हणाल्या. "माझं बोला."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मला वाटतं त्यांना खरंच दुखावल्यासारखं झालं होतं. "अगं, मी काय कुणाचं कापून घेत होते का? माझ्या खुशीने देत होते तुम्हाला. प्रत्येकीची अडचण बघून देत होते."

"खुशी नको आता," मावशी म्हणाल्या. "पगार सांगा. तिघींसमोर सांगा."

बाई काही वेळ टेबलावरचं पेन इकडून तिकडे करत राहिल्या. मग आकडा बोलल्या. मोठ्याने, तिघींना एकच.

पुढच्या महिन्यापासून तो मिळू लागला. मोठ्या मावशींना पूर्वी गुपचूप पैसे धरून मिळायचं त्यापेक्षा तो कमीच पडला आणि ते त्यांनी मला किती दिवस ऐकवलं. बाई मला फक्त कामापुरतं बोलू लागल्या, आणि त्याचा मला त्रासही झाला. आकडा तिघींनाही पुरणारा नव्हता. पण तो आता आम्हा तिघींना माहीत होता. खुशीवर भांडता येत नाही, देणाऱ्याने दिलं तेवढं घ्यायचं आणि हसायचं. पगारावर भांडता येतं. आम्ही पुढच्याच महिन्यात पुन्हा केबिनमध्ये गेलो, तिघी, आणि या वेळी कुणी हसलं नाही.